पुस्तक नकोसं होतं, की अक्षर अपुरं पडतं?

पन्नाशीच्या आसपास अनेक चांगल्या वाचकांची तक्रार सुरू होते: पूर्वी एका बैठकीत शंभर पानं व्हायची, आता वीस पानांतच पुस्तक मिटावंसं वाटतं. कारणंही ठरलेली असतात. मोबाइलने लक्ष विस्कटलं, वेळ उरला नाही, हल्लीची पुस्तकं पकड घेत नाहीत, वय झालं. या कारणांत तथ्य नसतं असं नाही. पण ती मान्य करण्याआधी आणखी एक कारण तपासून पाहावं. ते तपासायला एक पट्टी आणि पाच मिनिटं पुरतात, आणि ते खरं निघालं तर उपायही हाताशी असतो. हे कारण म्हणजे पुस्तकातल्या अक्षराचा आकार. वाचनाची आवड ओसरली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची आवड शाबूत असते असं माझं मत आहे. त्यांच्या हातातलं अक्षर त्यांच्या डोळ्यांना लागणाऱ्या आकाराच्या खाली गेलेलं असतं, आणि तरीही ते वाचता येत असल्यामुळे कोणाला त्याचा संशय येत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षराचा आकार आणि वाचनाचा वेग यांचा संबंध वर्षानुवर्षं मोजला आहे. त्यांच्या मोजणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अक्षर पुरेसं मोठं असेल तोवर ते आणखी मोठं केल्याने वेगात फारसा फरक पडत नाही. मात्र एका ठरावीक आकाराखाली वेग एकदम कोसळतो. या आकाराला आपण निर्णायक आकार म्हणू. त्याच्याही खाली एक दुसरी सीमा असते, जिथे अक्षर मुळीच ओळखता येत नाही. या दोन सीमांच्या मधला पट्टा फसवा आहे. तिथे प्रत्येक अक्षर ओळखता येतं, औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचता येतं, पत्रिकेवरचा पत्ता लागतो. पण कादंबरी वाचता येत नाही. साधारणपणे कसंबसं ओळखता येणाऱ्या अक्षराच्या दुप्पट आकार झाला, की वेग पूर्वपदावर येतो. डोळे तपासताना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणून निर्धास्त होणाऱ्या वाचकाने हे दुपटीचं गणित लक्षात ठेवावं. ओळखण्यासाठी लागणारा आकार वेगळा आणि रमण्यासाठी लागणारा वेगळा.

वेग आणि आनंद यांची सांगड मी इतक्या सहज का घालतो, असं कोणी विचारेल. सावकाश वाचण्यातही सुख असतं, आणि कविता तर सावकाशच वाचावी. ते खरं आहे, पण तिथे सावकाशी वाचकाने स्वतः निवडलेली असते. वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती एका जागी पाव सेकंदाच्या आसपास थांबते आणि पुढे उडी मारते. अक्षर लहान पडलं की हे थांबे लांबतात, उड्या आखूड होतात, नजर वारंवार मागे वळते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. लांब वाक्याचा कर्ता, कर्म, मधली विशेषणं हे सगळं मनात धरून शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचावं लागतं. अक्षरं सोडवण्यातच शक्ती गेली तर वाक्याचा शेवट येईतो सुरुवात सुटते, मग ते पुन्हा वाचायचं. लेखकाची लय, संवादातली चुरस, विनोदाची वेळ या गोष्टी वाक्य एका दमात मनात उतरलं तरच पोहोचतात. म्हणून पुस्तक कंटाळवाणं वाटतं, आणि दोष लेखकाला किंवा स्वतःच्या एकाग्रतेला दिला जातो.

आता आकडे. लेग आणि अक्षररचनाकार चार्ल्स बिगेलो यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, ४० सेंटिमीटर अंतरावरून वाचताना निरोगी डोळ्याच्या तरुण वाचकाला रोमन लिपीतल्या लहान अक्षराची उंची किमान १.४ मिलिमीटर लागते, आणि साधारण १४ मिलिमीटरपर्यंत वाचन सुरळीत चालतं. हा आकडा रोमन अक्षरांचा आहे आणि देवनागरी अक्षरात रेषांची दाटी जास्त असते. चिनी लिपीच्या अभ्यासात दिसून आलं आहे की जास्त रेषांची अक्षरं ओळखायला सोप्या अक्षरांपेक्षा मोठा आकार लागतो. हाच न्याय आपल्या लिपीला लावणं मला रास्त वाटतं. प आणि ष यांच्यातला फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, ब आणि व यांच्यातलाही तसाच. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या शिरोरेषेजवळच्या बारीक फटीवर किंवा वळणावर वेगळ्या होतात. द्य, द्ध, द्व, द्भ ही जोडाक्षरं लहान टाइपात एकमेकांसारखी दिसतात, आणि शाई थोडी पसरली तर पोटातली मोकळी जागाच बुजते. अनुस्वाराच्या एका ठिपक्याने ‘घरात’चं ‘घरांत’ होतं आणि वचन बदलतं. म्हणून १.४ मिलिमीटर हा तळ समजून त्याच्या दीडपट, म्हणजे निदान २ मिलिमीटर, हे तरुण आणि निरोगी डोळ्यासाठीचं मराठी पुस्तकाचं माप मानावं. मोजायचं कसं? मात्रा-उकार नसलेलं म किंवा न हे अक्षर घ्यावं आणि शिरोरेषेपासून त्याच्या पायापर्यंतची उंची पट्टीने पाहावी. एका अक्षरावर मिलिमीटरचा अंश कळत नसेल तर चार-पाच ठिकाणी पट्टी धरून अंदाज पक्का करावा.

पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. पण तो अक्षराची उंची सांगत नाही. खिळ्यांच्या छपाईत अक्षर ज्या धातूच्या ठोकळ्यावर असे त्या ठोकळ्याची उंची तो सांगायचा, आणि संगणकावरही तीच पद्धत चालू राहिली. देवनागरीत त्या उंचीत वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार, ऋकार, शिवाय उभी रचलेली जोडाक्षरं सामावून घ्यावी लागतात, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला उरलेली जागा येते. ती किती हे टाइप घडवणाऱ्यावर अवलंबून. म्हणूनच दोन पुस्तकं ‘१२ पॉइंट’मध्ये असूनही एक सुखाने वाचता येतं आणि दुसऱ्याने डोळे ताणतात. मुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात देवनागरी खिळे चांगलेच मोठे असत. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आटोपशीर खिळे पाडले, आणि १८६९ साली जावजी दादाजींनी स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याने लहान आकारातही अक्षर सुबक आणि स्पष्ट राहू शकतं हे दाखवून दिलं. हा वारसा मोलाचा आहे, कारण त्यातून आकाराइतकीच अक्षराची घडण महत्त्वाची असते हे कळतं.

ओळींमधल्या जागेचंही असंच आहे. रोमन पुस्तकात अक्षराच्या आकारापेक्षा वीस टक्के जास्त जागा धरली तरी भागतं. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात, आणि पुढची ओळ शोधताना नजर चुकते. १२ पॉइंट अक्षराला ओळीसाठी १७ किंवा १८ पॉइंट जागा दिलेली असेल तर पान मोकळं दिसतं. अक्षर थोडं लहान पण ओळी सैल, असं पुस्तक मोठ्या अक्षराच्या पण गच्च ओळींच्या पुस्तकापेक्षा पुष्कळदा सुखाचं असतं.

‘चष्मा लावा, प्रश्न सुटेल,’ हा पहिला आक्षेप. चष्मा लागतोच, आणि चाळिशीनंतर तो टाळण्यात काही शौर्य नाही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळच्या वस्तूवर नजर ठरत नाही. मग माणूस पुस्तक लांब धरतो. त्याने अक्षराची धूसरता कमी होते, पण अक्षर डोळ्याला लहान दिसू लागतं: पुस्तक ४० सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर नेलं की अक्षराचा दिसणारा आकार एक तृतीयांशाने घटतो. चष्म्याने ही ओढाताण थांबते. परंतु चष्मा फक्त नजर ठरवतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश तो वाढवत नाही आणि फिकट अक्षर गडदही करत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो असं मानलं जातं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर काळ्या-पांढऱ्यातला भेद आणखी मावळतो. योग्य नंबरचा चष्मा असूनही अकरा पॉइंटचं पुस्तक दमवतं ते यामुळे.

म्हणून चष्म्याबरोबर आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. नंबर काढताना आपण पुस्तक खरोखर किती अंतरावर धरतो ते सांगावं; मांडीवर ठेवून वाचणाऱ्याचं अंतर टेबलावर वाचणाऱ्यापेक्षा वेगळं असतं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या चष्म्यात जवळचं पाहण्याचा भाग खाली आणि अरुंद असतो. तासन्‌तास वाचायचं असेल तर फक्त वाचनासाठी वेगळा चष्मा करून घेणं श्रेयस्कर. दिवा पानावर पडेल असा जवळ, बाजूने असावा. छतावरच्या ट्यूबचा उजेड खोलीला पुरतो, पुस्तकाला पुरत नाही. दिवा डोक्याच्या वर दूर असताना जे अक्षर अपुरं वाटतं तेच टेबललॅम्पखाली पुरेसं होऊ शकतं, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मग आपलं माप काढावं. नेहमीच्या चष्म्याने, नेहमीच्या उजेडात, नेहमीच्या अंतरावर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, पाकिटांवरचा मजकूर, शब्दकोश असं उतरत्या आकाराचं छापील काहीही घेऊन जेमतेम ओळखता येणारं सर्वांत लहान अक्षर शोधावं, त्याची उंची मोजावी आणि दुप्पट करावी. ते १.५ मिलिमीटर आलं तर पुस्तकातलं अक्षर निदान ३ मिलिमीटर हवं. हा घरगुती अंदाज आहे, तपासणीला पर्याय नाही. सरळ ओळी वाकड्या दिसणं, ओळीच्या मधलीच अक्षरं गायब होणं, एकाच डोळ्याने अचानक कमी दिसणं असं काही जाणवलं तर मोठं अक्षर शोधण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

दुसरा आक्षेप वेगळ्या टोकाचा: मग सगळंच मोठ्या अक्षरात का नको? कारण मोठेपणालाही किंमत आहे, आणि मराठीत ती जरा जास्त आहे. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द अर्धी ओळ व्यापू शकतो. नेहमीच्या कादंबरीच्या, म्हणजे डेमी आकाराच्या अरुंद पानावर अक्षर फार वाढवलं तर ओळीत चार-पाच शब्द उरतात. त्यात दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह धरला आणि शब्द तोडायचा नाही असंही ठरवलं, की शब्दांमध्ये मोठाली भगदाडं पडतात आणि नजर त्यांतून खाली घसरते. ओळीला नऊ ते बारा शब्द बसावेत, निदान सातच्या खाली जाऊ नये, असं मला वाटतं. अक्षर वाढवायचं तर पानही वाढवावं किंवा उजवी कड मोकळी सोडावी. ज्ञानेश्वरी, दासबोध, गुरुचरित्र यांच्या मोठ्या टाइपातल्या प्रती मोठ्या आकारात निघतात आणि ओवीच्या चरणाने ओळ आपोआप तुटते, म्हणून त्या वाचायला सोप्या जातात. कादंबरीला ही सोय नाही.

मुलांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण वाचनाची सवय तिथेच लागते किंवा सुटते. पहिलीच्या पुस्तकात अक्षर मोठं असतं आणि इयत्तेगणिक ते लहान होत जातं. मूल वाचायला शिकलं म्हणजे त्याला मोठ्या माणसाचं अक्षर चालेल असं आपण गृहीत धरतो. इंग्लंडमधल्या आर्नल्ड विल्किन्स यांच्या अभ्यासांत असं दिसलं की मुलांच्या पुस्तकातलं अक्षर ज्या झपाट्याने लहान केलं जातं तो त्यांच्या वाचनाला मारक ठरू शकतो. सात ते नऊ वर्षांची मुलं मोठ्या अक्षरातली वाक्यं अधिक जलद वाचत होती. लेग यांच्याच सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा निर्णायक आकार इतर मुलांपेक्षा मोठा असतो. याच्या उलट पुरावाही आहे, तोही पाहायला हवा. इस्राएलमध्ये तामी कात्झीर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हिब्रू वाचणाऱ्या मुलांवर केलेल्या प्रयोगात अक्षर लहान केल्यावर दुसरीच्या मुलांचं आकलन घटलं, पण पाचवीच्या मुलांचं उलट वाढलं. थोडी अडचण आली की मूल अधिक लक्ष देऊन वाचतं, असं त्याचं स्पष्टीकरण देता येतं. मी हा निष्कर्ष नाकारत नाही. त्याची व्याप्ती मात्र ओळखतो. प्रश्नांची उत्तरं द्यायची म्हणून छोटा उतारा वाचणं ही एक गोष्ट आणि कोणी सांगितलं नसताना दीडशे पानांचं पुस्तक संपवणं ही दुसरी. उताऱ्यासाठी मूल कष्ट सोसतं. सुटीत ते सोसावे लागले तर ते पुस्तक ठेवून देतं. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी गोष्टीचं पुस्तक घेताना ‘त्याच्या वयाचं’ या शिक्क्यापेक्षा पान उघडून अक्षर पाहावं, आणि थोडं मोठं घेण्याकडेच कल ठेवावा. मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर ते अंतर निम्मं करून अक्षराचा दिसणारा आकार दुप्पट करून घेत असतं. अशा वेळी रागावण्याऐवजी डोळे तपासून घ्यावेत.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि प्रकाशकांची अडचण समजून घ्यायला हवी. ११ पॉइंटचं अक्षर १३ पॉइंट केलं तर ते उंचीत आणि रुंदीत दोन्हीकडे वाढतं, त्यामुळे जागा सुमारे चाळीस टक्के जास्त लागते. दोनशे पानांचं पुस्तक दोनशे ऐंशी पानांचं होतं, छपाईचे फर्मे वाढतात, बांधणी जाड होते, किंमत चढते. पातळ कागद वापरून बचत केली तर मागच्या बाजूची छपाई दिसते आणि मिळवलेली सुवाच्यता हातची जाते. तरीही हा प्रश्न असाध्य नाही हे इंग्लंडने दाखवलं. १९६४ साली फ्रेडरिक थॉर्प यांनी लेस्टरमध्ये अल्व्हरस्क्रॉफ्ट ही मालिका सुरू केली. त्यांनी लोकप्रिय कथा-कादंबऱ्या मोठ्या टाइपात काढल्या आणि त्यांचा मोठा ग्राहक सार्वजनिक ग्रंथालयं ठरली. एक प्रत अनेकांनी वाचायची म्हटल्यावर वाढीव खर्च वाटला जातो. तिथे अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी मोठ्या टाइपाचं किमान माप १६ पॉइंट मानलं आहे, अमेरिकेत ते १८ धरतात. मराठीत मोठा टाइप बहुतेक धार्मिक ग्रंथांच्या वाट्याला आला. ज्या वाचकाला पारायण करायचं आहे त्याची सोय झाली, ज्याला कथा वाचायची आहे त्याची नाही. आज अक्षरजुळणी संगणकावर होते आणि मागणीनुसार थोड्या प्रती छापता येतात. मजकूर तयारच असतो, पानं नव्याने लावायची असतात. निवडक कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं ग्रंथालयांसाठी मोठ्या टाइपात काढणं आज शक्य आहे, आणि वाचकांनी ते मागितलं पाहिजे.

तोवर वाचकाने आपल्यापुरतं काय करावं? पुस्तक ऑनलाइन मागवण्याआधी नमुना पान पाहावं. पण स्क्रीनवरचं पान हवं तसं मोठं होतं, म्हणून आकाराऐवजी एका ओळीत किती शब्द आणि पानावर किती ओळी आहेत हे मोजावं. डेमी पानावर तीस-बत्तीस ओळी असतील तर पान सुसह्य असतं. अडतीसच्या पुढे गेल्या तर अक्षर किंवा ओळींमधली जागा यांपैकी काहीतरी आवळलेलं आहे असं समजावं. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत जुळणी बदललेली असू शकते, तेव्हा दुकानात किंवा ग्रंथालयात जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहावी. ई-बुक वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की २०१६च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात आणि त्यांत अक्षर वाढवलं की ओळी नव्याने जुळतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तसं होत नाही. साडेपाच इंच रुंदीचं पान पावणेतीन इंच रुंदीच्या फोनवर आलं की ११ पॉइंटचं अक्षर साडेपाच पॉइंटचं होतं. ते वाचून पुस्तकाबद्दल मत बनवू नये. फोन आडवा धरावा, समास कापून टाकावेत, किंवा टॅबलेटवर वाचावं. हातातलं भिंग पत्ता शोधायला ठीक, पण त्याच्या खिडकीतून एका वेळी थोडीच अक्षरं दिसतात आणि हात हलतो. लांब वाचनासाठी पानावर टेकवून सरकवता येणारं रुंद भिंग बरं.

ज्यांची दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही, त्यांच्यासाठी कायद्यात वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करता येते, आणि मोठ्या अक्षरातली प्रत हाही त्याचाच एक प्रकार. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या मराकेश करारालाही भारताने २०१४ साली सर्वांत आधी मान्यता दिली. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अशा वाचकांना सभासद होऊन पुस्तकं मिळवता येतात. घरच्या घरी करायचं तर डेमी पुस्तकाची उघडी जोडपानं झेरॉक्सवर ए-४ वरून ए-३ करावीत, म्हणजे १४१ टक्के. ११ पॉइंटचं अक्षर साडेपंधरा पॉइंटचं होतं. पुस्तक सपाट दाबून, बांधणीकडची अक्षरं वाकणार नाहीत अशी प्रत काढायला सांगावी, एका बाजूलाच छापावं, आणि मॅट कागद घ्यावा, कारण चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते.